उचित कार्यवाहीस्तव सादर

सरकारी कागद कळत नाही, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे येतात. त्यांची समजूत काढणं हे माझं निवृत्तीनंतरचं मुख्य काम झालं आहे. कागद कळत नाही म्हणजे तो वाईट लिहिलेला आहे, असं त्यांना वाटतं. तसं मुळीच नसतं. तो फार जाणत्या हाताने, सेवेतला सगळा अनुभव पणाला लावून, कळू नये म्हणूनच लिहिलेला असतो. कार्यालयात परिणामकारक लेखन कसं करावं यावर शहरात शिबिरं भरतात म्हणे. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या लिपिकाला तिथे पाठवलं, तर तो शिकायला नव्हे, शिकवायला बसेल. कारण पत्राचा परिणाम काय हवा आहे, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. परिणाम असा हवा, की पत्र गेलं पाहिजे, उत्तर आलं पाहिजे आणि मधल्या मधे कुणाच्या अंगाला काही लागता कामा नये.

मी राहतो वैशाखऱ्याला. कल्याण-नगर रस्त्याने मुरबाड सोडलं की सरळगाव, टोकावडे आणि मग आमचं गाव. पुढे मोरोशी, मग माळशेजचा घाट. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, अक्षर बरं आहे आणि घर रस्त्याला लागून, त्यामुळे पंचक्रोशीतला अर्ज पहिल्यांदा माझ्या ओसरीवर जन्माला येतो. कुणाचा फेरफार अडलेला, कुणाच्या भाताचा पंचनामा राहिलेला, कुणाचं रेशनकार्ड मुलाच्या नावासह हरवलेलं. ‘गुरुजी, अर्ज लिवून द्या’ म्हणत माणूस येतो आणि फुलस्केप कागद मात्र माझाच वापरतो.

शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, की वाक्याला कर्ता असतो. राम आंबा खातो. यात राम कर्ता, आंबा कर्म. मुलं हे पाठ करून पास झाली, त्यातली काही नोकरीला लागली आणि तिथे त्यांना कळलं, की गुरुजींनी अर्धवट शिकवलं. कार्यालयात राम कधीच आंबा खात नाही. तिथे आंबा खाण्यात येतो. गवगवा झाला तर आंबा खाल्ला गेल्याचे निदर्शनास येते. कोय सापडली तर सदर कोय नेमक्या कोणत्या आंब्याची, याबाबत संबंधितांकडून अहवाल मागविण्यात येतो. अहवाल येईपर्यंत कोयीला कोंब फुटतो, त्याची नोंद वृक्षलागवडीत होते आणि राम दरम्यान पदोन्नतीवर बदलून गेलेला असतो.

या व्याकरणाची काही ठरलेली हत्यारं आहेत. ‘नियमानुसार’ हे पहिलं. कोणता नियम, ते विचारायचं नसतं. विचारलं तर विचारणाऱ्याला नियम माहीत नाही, एवढंच सिद्ध होतं. ‘उचित कार्यवाहीस्तव’ हे दुसरं. यात कार्यवाही न करणं हीसुद्धा उचित कार्यवाही ठरू शकते, ही सोय आहे. पण माझ्या मते सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे ‘आपल्या स्तरावरून’. ‘सदर प्रकरणी आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी.’ वरून पत्र आलं की खालच्या पायरीवर ढकलायचं आणि ढकलताना एवढी एक ओळ लावायची. ढकलत ढकलत प्रकरण अशा माणसापाशी येतं, ज्याच्या खाली स्तरच नाही. आमच्या शाळेत ती जागा शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंची होती. वरच्या परिपत्रकाचं पालन तेवढं त्यांच्याकडूनच होत असे, कारण त्यांना ते कुणाकडे पाठवता येत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे स्वच्छ, नेमकं लिहिण्याची परंपराच नव्हती. अशी बदनामी मी माझ्या गावच्या परिसराची होऊ देणार नाही. गावापासून थोडं पुढे गेलं की महामार्ग सोडून एक वाट डोंगरावर चढते. ती नाणेघाटात जाते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर, कोकणाकडे तोंड करून एक कोरीव गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. राजघराण्याने कोणते यज्ञ केले आणि कुणाला काय दिलं, याचा तो हिशोब आहे. थोडक्यात, आमच्या भागातलं हे सगळ्यात जुनं कार्यालयीन लेखन.

दोन हजार वर्षांत पावसाने आणि माणसांनी त्याची बरीच खराबी केली आहे. तरी जेवढं उरलं आहे, ते वाचून कुठल्याही लेखापरीक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावं. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, चांदीची भांडी किती, हे सगळं आकड्यांत. भारतात कोरून ठेवलेल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये यांची गणना होते आणि ते आकडेच आहेत, हे एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी उलगडून दाखवलं. अभ्यासकांच्या वाचनानुसार एका यज्ञात दक्षिणा दिली २४,४०० कार्षापण आणि बघायला आलेले लोक व नोकरचाकर यांना ६,००१. वरचा तो एक बघा. लग्नाच्या पाकिटात आपण अजून जो एक रुपया चिकटवतो, त्याचीही तिथे नोंद आहे. महाराणीने तो ‘सुमारे सहा हजार’मध्ये बुडवला नाही.

गंमत म्हणजे तिथेही वाक्य ‘दक्षिणा दिली’ असंच आहे. कुणी दिली, ते प्रत्येक वेळी सांगितलेलं नाही. पण पुढे आकडा आहे आणि आकडा समोर असला की माणसाला लपायला जागा उरत नाही. शिवाय त्याच गुहेत घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, एक महारठी, राजकुमार. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या, तरी नावं वाचता येतात. आजच्या कार्यालयात याच्या नेमकं उलट असतं. माणूस समोर धडधाकट बसलेला दिसतो आणि त्याच्या सहीवरून नाव मात्र लागत नाही.

हाच लेख आज कोरायचा असता तर मसुदा असा झाला असता: ‘विविध यज्ञांच्या अनुषंगाने पात्र लाभार्थ्यांना विहित निकषांनुसार दक्षिणा वितरित करण्यात आली असून, गायींच्या आकडेवारीचे संकलन प्रगतिपथावर आहे.’ त्याच घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. ये-जा करणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे, असं लोक सांगतात. पावती देण्याची काही व्यवस्था तिथे दिसत नाही. तेवढ्या बाबतीत परंपरा अखंड टिकून आहे.

सातवाहनांना एक मोठा फायदा होता. दगडावर कोरायचं म्हणजे शब्द मोजून वापरावे लागतात. आपल्याकडे छिन्नी गेली, बोरू आला, टाइपरायटर आला आणि आता व्हॉट्सॲप आलं. लिहिणं जसजसं स्वस्त झालं तसतसं ते वाढत गेलं. पत्र मुंबईहून निघतं तेव्हा त्यात मजकूर एका ओळीचा असतो, की अमुक माहिती १५ तारखेपर्यंत द्यावी. मग ते संचालक, उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरतं. प्रत्येक पायरीवर ‘सोबतच्या पत्राचे कृपया अवलोकन व्हावे’ असं एक पान वर चढतं आणि मुदतीचे दोन-तीन दिवस खाली उतरतात. जिल्हा म्हणतो १२ पर्यंत, कारण त्याला एकत्र करायचं असतं. तालुका म्हणतो १० पर्यंत. केंद्र म्हणतं उद्या. आणि शाळेला जेव्हा कळतं तेव्हा ते ‘आज दुपारी बारा वाजेपर्यंत’ असतं आणि घड्याळात पावणेबारा झालेले असतात. पत्र म्हणून जे येतं तो झेरॉक्सच्या झेरॉक्सचा तिरका काढलेला फोटो असतो. त्यात मजकुरापेक्षा फोटो काढणाऱ्याचा अंगठा स्पष्ट दिसतो.

दोन शिक्षकांच्या शाळेत मग एक गुरुजी वर्ग सांभाळतात आणि दुसरे रेंज शोधत रस्त्यावर येतात. डोंगराच्या अंगाला रेंजही तिच्या स्तरावरून उचित कार्यवाही करत असते. माहिती काय पाहिजे, तर शाळेत समुद्रकिनारी सहलीला गेलेले विद्यार्थी किती. नसतील, तर गप्प बसता येत नाही. ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ म्हणजे काही घडलं नाही, हे लेखी कळवायचं, मुदतीत आणि तीन प्रतींत. माझ्या नोकरीत मी पाठवलेल्या कागदांपैकी ज्यांवर कधीही शंका निघाली नाही, ते सगळे निरंक होते. काहीतरी केल्याचं कळवलं की मात्र लगेच ‘कोणाच्या परवानगीने’ असं विचारणारं पत्र यायचं. शहाण्याने यातून जो बोध घ्यायचा तो बहुतेकांनी घेतला आहे.

व्हॉट्सॲपवर सगळं झटपट होईल अशी आशा होती. झालं असं, की तपासणीची तारीख सांगणारा एक संदेश सकाळी येतो. त्याच्याखाली ‘ओके सर’, ‘ओके सर’ आणि जोडलेले हात यांची रांग लागते. ज्याने वाचलं नाही तोही ओके म्हणतो, कारण न म्हणणारा उठून दिसतो. त्यात कुणाचा तरी वाढदिवस असतोच. मग केक, फुगे, दीर्घायुष्य. संध्याकाळी एकजण भीत भीत विचारतो, ‘सर, तपासणी कधी आहे?’ त्यावर उत्तर येतं, ‘ग्रुपवर पाठवलं आहे. वरती बघा.’ तो वर बघत जातो आणि केकपाशी अडकतो.

कागद वेळेवर हलावेत म्हणून सरकारने काही केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. २००५ सालचा एक खास कायदाच आहे. त्याचं नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम’. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही, हा किरकोळ भाग सोडू. कायद्यातली तरतूद साधी आणि चांगली आहे. सर्वसाधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. अत्यंत तातडीची असेल तर शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी.

पण ‘पडून राहू नये’ आणि ‘काम व्हावे’ यांत जे अंतर आहे, त्यात आमचा लिपिक घर बांधून राहतो. त्या घराचं नाव त्रुटी. सहाव्या दिवशी फाइल त्रुटी काढून परत पाठवायची. आधार कार्डाची प्रत जोडलेली नाही. माणूस जोडतो. मग प्रत साक्षांकित नाही. तो साक्षांकित करतो. मग अर्जावर दिनांक नाही. तो दिनांक घालतो. मग अर्जावरचा दिनांक जुना झाला आहे. सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर अर्जदार त्या एकदम पूर्ण करेल, हा धोका असतो, म्हणून एका वेळी एकच. फाइल कुणाच्याही टेबलावर सात दिवस पडून राहत नाही. ती सारखी हलत असते आणि जिथे होती तिथेच असते.

खाजगी नोकरीत तरी बरं असेल असं मला वाटायचं. आमच्याकडची पुष्कळ पोरं मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जातात. त्यातल्या एकाने एकदा मोबाइल आणून दाखवला. वरून निरोप आला होता, ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’ म्हणाला, ‘गुरुजी, हे नक्की काय करायला सांगतायत?’ मी दोनदा वाचलं. काहीतरी करायचं आहे आणि लवकर करायचं आहे, यापलीकडे त्यात काही नव्हतं. म्हटलं, बाळा, हे आपलंच ‘उचित कार्यवाहीस्तव’ आहे, फक्त बूट घालून आलं आहे.

त्याच पोराने जुलैत रजेसाठी साहेबाला लिहिलं होतं: ‘साहेब, उद्या येत नाय. आवणी हाय. पाऊस चांगला लागलाय, माणसं मिळत नायत. परवा पहिल्या पाळीला येतो.’ अशी नमुनेदार रजाचिठ्ठी मी आयुष्यात पाहिली नाही. कोण, का, कधीपर्यंत, सगळं चार वाक्यांत. साहेबाने ती परत पाठवली. ‘प्रॉपर फॉरमॅटमध्ये लिही.’ मग पोरांनी कुठून तरी एक इंग्रजी नमुना मिळवला. ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर.’ रजा मंजूर. पुढच्या वर्षी पाऊस चांगला लागला त्या दिवशी अर्ध्या खात्याला एकदम ताप आला आणि भाताची आवणी संपली त्या दिवशी सगळ्यांचा ताप एकदम उतरला. खरं बोलणाऱ्या पोरांना खोटं लिहायला शिकवून कंपनीचं दप्तर नीटनेटकं झालं.

हे सगळं सांगून मी अर्जदारांना साधं लिहिण्याचा उपदेश करतो, असं तुम्हाला वाटेल. करून पाहिला. पाड्यावरचे एक म्हातारे बाबा आले. म्हणाले, ‘गुरुजी, विजेचा खांब गोठ्यावर कललाय. पाऊस धरला का पडंल. खाली बैलं बांधतो मी.’ मी तेच शब्द कागदावर उतरवले आणि त्यांना वाचून दाखवले. बाबांचा चेहरा पडला.

‘एवढाच?’

‘सगळं आलं की यात, बाबा.’

‘आलं वो. पन अर्ज वाटत नाय.’

बाबांचं चुकत नव्हतं. शेवळाची भाजी नुसती रांधली तर घसा खाजतो, त्यात काकडं पडावी लागतात. तसं साधं वाक्य कार्यालयाच्या घशाला खवखवतं. म्हणून मी ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की’ घातलं, ‘सदर’ घातलं, ‘तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ घातलं. पान भरलं. खांब कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात गेला. बाबा खूश झाले. यथावकाश उत्तरही आलं: ‘सदर बाब वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात आली असून निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही प्रस्तावित आहे.’ बाबांनी ते पत्र घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. खांब आणखी थोडा कलला.

मग मी दुसरा अर्ज लिहिला, नाणेघाटाच्या वळणाचा. खांबाचा क्रमांक. खांबाचा फोटो. गोठ्यात बैल २. बाबांचं नाव, शेजाऱ्याचा मोबाइल नंबर. ‘खांब तुमचा, बैल यांचे. खांब पडला तर दोन्ही जातील. हा अर्ज ज्यांनी वाचला आणि जो निर्णय घेतला, त्यांचं नाव आणि निर्णयाची तारीख कळवावी.’ बस्स. खाली माझी सही, वाचता येईल अशी.

चौथ्या दिवशी कार्यालयातून फोन.

‘गुरुजी, हे काय लिहिलंत?’

‘का? कळलं नाही का?’

‘कळलं म्हणून तर फोन केला. आता यावर माझं नाव टाकायचं म्हणजे काहीतरी करावंच लागणार.’ क्षणभर थांबून तो काकुळतीला आल्यासारखा म्हणाला, ‘आधीचा अर्ज किती छान होता. पुढच्या वेळी तसाच लिहीत जा ना, गुरुजी.’

दोन दिवसांनी वायरमन आला. भर पावसात, एका मदतनिसाला घेऊन, चिखलात पाय रोवून त्याने खांब सरळ केला, ताण दिला, बुंध्याशी दगड ठोकले. आठवड्याने पत्र आलं, ‘सदर खांब सरळ करण्यात आला आहे.’ कुणी केला, ते नव्हतं. नाव लपवायची सवय इतकी अंगवळणी पडलेली, की चांगलं काम झालं तरी हात लपवूनच कळवायचं.

बाबांना हे पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी ओसरीवर येऊन बसले. ‘आता मी सांगतो तसंच लिवा, गुरुजी. एक अक्षर वाढवू नका.’ आणि सांगितलं: ‘तुमच्या वायरमनने आमचा खांब सरळ केला. पावसात केला. दोन तास लागले. त्याला चहा पाजा.’

यात दुरुस्ती करण्याजोगं काहीच नव्हतं. तसंच लिहिलं, बाबांचा अंगठा घेतला, पाठवलं. त्याचंही उत्तर आलं आहे. ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने उचित कार्यवाही करण्यात येईल.’ परवा वायरमन रस्त्यात भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, ‘चहा अजून वरिष्ठ कार्यालयाच्या विचाराधीन आहे, गुरुजी.’